गवत बघायला दोन दिवस: कॅन्ससच्या चेस काउंटीची सहल कशी आखावी

माझे बाबा कराडजवळचे शेतकरी. आई-बाबा इकडे कॅन्ससला आले तेव्हा रिवाजाप्रमाणे शिकागो झालं, नायगारा झाला, मॉल तर रोजचेच. एकदा चहा घेता घेता बाबा म्हणाले, "अगं, हितली खेडी कुठं असत्यात? का सगळी माणसं मॉलातच राहत्यात?" त्याच रविवारी दोघांना गाडीत घातलं आणि ओव्हरलँड पार्कहून साधारण दोन तासांवरच्या चेस काउंटीत नेलं.

ती फेरी साफ फसली. गावात सगळी दुकानं बंद, खाणावळीला कुलूप, रस्त्यावर एक कुत्रं आणि आम्ही. कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून घरून आणलेला चिवडा खाल्ला आणि परत आलो. नंतरच्या तीन फेऱ्यांत मात्र तिथलं घड्याळ कळलं. अमेरिकेतलं खेडं बघायचं असेल, सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील, आणि तुम्ही कॅन्सस सिटी, विचिटा किंवा लॉरेन्सच्या आसपास राहत असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आधी जागा समजून घ्या

कॉटनवुड फॉल्स हे चेस काउंटीचं मुख्य गाव. वस्ती साडेआठशेच्या आसपास. दोन मैलांवरचं जोडगाव स्ट्राँग सिटी, नावात सिटी असली तरी चारशेच्या आतलं. अख्ख्या काउंटीत मिळून अडीच हजार माणसं. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाएवढी माणसं एका तालुक्याएवढ्या जमिनीवर विखुरलेली.

हा भाग फ्लिंट हिल्समध्ये येतो. एके काळी उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी उंच गवताचा प्रचंड पट्टा होता. त्यातलं चार टक्क्यांहूनही कमी गवत आज उरलंय आणि त्यातलं बहुतेक इथे. ते वाचलं दगडामुळे. वर मातीचा पातळ थर, खाली चुनखडक आणि त्यात गारगोटीसारख्या चकमकी दगडाचे थर. झेब्युलन पाइक हा अमेरिकी लष्करातला शोधप्रवासी १८०६ मध्ये इथून गेला आणि त्याने या टेकड्यांना चकमकीच्या टेकड्या म्हटलं, तेच नाव पडलं. बाकी कॅन्ससमध्ये नांगर चालला, गहू आला. इथे फाळ तुटायचे. मग शेतकऱ्यांनी नाद सोडला आणि जनावरं चारली. हे एवढं सोबतच्या मंडळींना गाडीतच सांगून टाका, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात "इथे काय बघायचं?" हा प्रश्न येतोच.

महिना आणि वार

वार आधी सांगते, कारण आमचं चुकलं ते तिथेच. शुक्रवारी दुपारी पोचा, शनिवारी संध्याकाळी निघा. शुक्रवारी कोर्टाची इमारत उघडी मिळते, कारण ती खरीखुरी कचेरी आहे आणि सुट्टीच्या दिवशी कचेरी चालत नाही. शनिवारी दुकानं आणि खाणावळी चालू असतात. रविवार आणि सोमवार टाळा. इंटरनेटवर लिहिलेल्या वेळांवर विसंबू नका, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून "उद्या उघडं आहे ना?" एवढं विचारा. मालकीणबाई स्वतःच फोन उचलतात आणि नातीचं लग्न आहे म्हणून बंद आहे, हेही सांगतात.

महिन्यांचं गणित वेगळं. 'उंच गवत' हे नाव ऐकून मे महिन्यात गेलात तर गवत गुडघ्याएवढंही नसतं. ते वाढतं उन्हाळ्यात, आणि सप्टेंबरच्या सुमारास ओढ्याकाठच्या खोल मातीत माणसाच्या डोक्यावर जातं. टेकड्यांच्या माथ्यावर माती कमी आणि चराई जास्त, तिथे ते कधीच फार उंच होत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्य हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ: गवत तांबूस होतं, हवा सुसह्य असते, किडे कमी होतात. मे-जूनमध्ये हिरवळ आणि रानफुलं असतात, पण वादळांचाही तोच हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तीस ते अडतीस अंशांवर जातो आणि पायवाटांवर सावलीला झाड नाही. वयस्कर माणसांना घेऊन तेव्हा जाऊ नका.

मार्च-एप्रिलचा मामला निराळा. तेव्हा शेतकरी कुरणं मुद्दाम पेटवतात. ही पद्धत मूळची इथल्या आदिवासींची. जाळलं नाही तर सीडरची झाडं माजतात आणि गवत मागे पडतं. रात्री टेकडीच्या कडेने नारिंगी रेघ सरकत जाताना दिसते, आणि दोन-तीन आठवड्यांत त्याच काळ्या जमिनीवर पोपटी कोंब येतात. बाबांना यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्या लहानपणी डोंगरावर वणवा लावायचेच. धुराच्या दिवसांत दम्याच्या माणसाला मात्र नेऊ नका, आणि धूर रस्त्यावर आला तर दिवे लावून हळू चालवा, मधेच थांबू नका.

जूनच्या सुरुवातीला स्ट्राँग सिटीत मोठा रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींचा खेळ, भरतो. हौस असेल तर जा, पण त्या आठवड्यात राहायची खोली मिळणं कठीण.

रस्ता

कॅन्सस सिटीकडून आय-३५ने एम्पोरिया, तिथून यूएस-५०ने पश्चिमेला वीसेक मैल स्ट्राँग सिटी, मग डावीकडे के-१७७ वर वळून दोन मैल. एम्पोरियापर्यंत टोल नाही. विचिटाहून येत असाल तर टर्नपाइकने, म्हणजे टोलच्या महामार्गाने, येऊन कॅसोडेला उतरा आणि के-१७७ धरून उत्तरेला या. टर्नपाइकवर आता रोख पैसे घेत नाहीत, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल नंतर येतं. गाडी भाड्याची असेल तर त्यावर वेगळा आकार लागतो का, हे आधी विचारून घ्या.

के-१७७ ही कॅसोडे ते कौन्सिल ग्रोव्ह अशी सत्तेचाळीस मैलांची वाट, आणि खरं तर सहलीचा अर्धा आनंद तीच. मॅटफील्ड ग्रीन आणि बझार या दोन वाड्यांमधल्या टेकडीवर गाडी लावायला जागा आहे. तिथे नक्की उतरा. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत घर नाही, खांब नाही, झाडही क्वचित. आई तिथे उतरली आणि पदर सावरत म्हणाली, "बाई गं, वारा काय हा!" वारा इथला कायमचा सोबती. टोपी बांधायची दोरी असलेलीच आणा.

एम्पोरियात तीन कामं उरका: पेट्रोल भरा, पाणी घ्या, नकाशा फोनवर उतरवून घ्या. पुढे फोनची रेंज येते-जाते, आणि टेकड्यांच्या खोलगट भागात ती जातेच. मोठं हॉस्पिटलही एम्पोरियातच, हे आई-वडील सोबत असताना डोक्यात ठेवा. त्यांच्या प्रवासविम्याचा कागद गाडीत असू द्या.

मुक्काम

कॉटनवुड फॉल्सच्या मुख्य रस्त्यावर १८८४ सालचं जुनं हॉटेल आहे, आजूबाजूला काही घरगुती खोल्याही भाड्याने मिळतात. पण मोजक्याच. ऑक्टोबरच्या शुक्रवार रात्रीसाठी महिनाभर आधी फोन करा. नाही जमलं तर एम्पोरियातल्या नेहमीच्या साखळी हॉटेलांत राहा, वीस मिनिटं-अर्ध्या तासाचा फरक. स्ट्राँग सिटीत राहणार असाल तर एक सांगून ठेवते: शिकागो आणि कॅलिफोर्नियाला जोडणारा मालगाड्यांचा अत्यंत वर्दळीचा मार्ग गावातूनच जातो आणि भोंगे रात्रभर वाजतात. बाबांना छान झोप लागली, मला नाही.

पहिला दिवस: गाव पायी बघा

गाडी ब्रॉडवेवर लावा आणि विसरा. विटांचा रस्ता, दोन्ही बाजूंना चुनखडकाच्या जुन्या इमारती, आणि रस्त्याच्या दक्षिण टोकाला लाल छपराचं, घड्याळाचं कोर्ट. १८७३ साली बांधलेली ही इमारत कॅन्ससमध्ये अजून वापरात असलेलं सर्वांत जुनं काउंटी कोर्ट. वास्तुरचनाकार जॉन हॅस्केल. छपराची धाटणी त्या काळच्या फ्रेंच पद्धतीची. आत अक्रोडाच्या लाकडाचा वळत वर जाणारा जिना आहे. वरपर्यंत चढा, कठड्यावर हात फिरवा, दीडशे वर्षांत किती तळवे त्यावरून फिरले ते गुळगुळीतपणात जाणवतं. जुन्या तुरुंगाची खोलीही आहे. खाली गाडीची नोंदणी करायला आलेली माणसं रांगेत असतात, तेव्हा आवाज बेताचा ठेवा.

बाहेर आल्यावर भिंतीच्या दगडाला नाक लावा. थट्टा नाही. हा दगड याच भागातल्या खाणींचा. त्यात गव्हाच्या दाण्याएवढे, तसेच निमुळते ठिपके दिसतील. पंचवीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्यातल्या सूक्ष्म जीवांची ही कवचं. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाचा, त्यात असलं काही सापडत नाही. बाबांनी नखाने एक दाणा उकरून पाहिला. तुम्ही तेवढंही करू नका, वारसा इमारत आहे.

तिथून रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नदीकडे चाला. १९१४ चा कमानीचा काँक्रीट पूल आहे, आता फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. शेजारी जुन्या गिरणीचा बंधारा, त्यावरून पडणाऱ्या पाण्याचाच आवाज, आणि काठाने कॉटनवुडची झाडं. काठावर उतरताना तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावू नका. पळसाला पानं तीन, हिलाही तीनच, पण हिचा रस लागला की आठवडाभर अंग खाजतं.

पाऊस नुकताच झाला असेल तर संध्याकाळी गावाच्या पश्चिमेला तीनेक मैलांवरच्या चेस तलावावर जा. सांडव्याखाली टप्प्याटप्प्याचा धबधबा आहे. कोरड्या दिवसांत जाऊ नका, नुसते दगड.

जेवणाचं

या प्रकरणावर जरा थांबते, कारण आपल्या लोकांची सहल इथेच बिघडते.

गाईगुरांचा मुलुख आहे. ताटात बीफ हा नियम, बाकी सगळा अपवाद. चिकन खाणारे पण बीफ न खाणारे हमखास फसतात ते 'चिकन फ्राइड स्टेक'ला. नावात चिकन, ताटात गाय: बीफचाच तुकडा, तळलेल्या चिकनसारखं पीठ लावून केलेला. 'माउंटन ऑयस्टर' दिसले तर कोकणातल्यांनी कालवं समजून हुरळू नये. ते बैलाचे अंडकोश.

शाकाहारी माणसाची फसगत आणखी बारीक. 'बिस्किट अँड ग्रेव्ही'तली पांढरी ग्रेव्ही म्हणजे डुकराच्या सॉसेजची. उकडलेल्या हिरव्या शेंगांत बेकनचे तुकडे. राजम्यासारख्या बीन्समध्ये हॅम. 'पाय' नावाच्या, फळं भरलेल्या गोड पदार्थाच्या पापुद्र्यात कधी कधी डुकराची चरबी. "व्हेजिटेरियन आहे" एवढं सांगून भागत नाही. समोरची बाई मनापासून "मग चिकन देऊ?" म्हणते, त्यात कुचेष्टा नसते. त्याऐवजी एकेक नाव घ्या: "यात बेकन आहे का? हॅम? तळायला कुठलं तेल?" ग्रिल्ड चीज सँडविच, भाजलेला बटाटा, पॅनकेक, अंडी, कोलस्लॉ यांवर दोन वेळा निघतात. पाणी मागताना बर्फ नको म्हणून सांगा, नाहीतर ग्लासात बर्फच जास्त. टीप १८ ते २० टक्के.

आम्ही आता डब्यात दशम्या, लसणाची चटणी आणि दही घेऊनच जातो. दुसऱ्या दिवशी बघायच्या राखीव कुरणाच्या माहिती केंद्रापाशी बसून खाल्लं तर कुणी हरकत घेत नाही. खाणावळीत जाऊन निदान तो 'पाय' आणि कॉफी मात्र घ्या, कारण गावातली माणसं भेटतात ती तिथेच. शेजारच्या टेबलावरून "कुठून आलात?" असं येणारच. नुसतं "इंडिया" म्हणून थांबू नका. बाबा शेतकरी आहेत, ऊस आणि सोयाबीन करतात, असं मी सांगितल्यावर एका टोपीवाल्या आजोबांनी खुर्चीच आमच्याकडे वळवली. पुढचा पाऊण तास पाऊस, बाजारभाव आणि शहरात गेलेली मुलं. मी मधे बसून दुभाष्याचं काम केलं.

दुसरा दिवस: कुरण

स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला दोन मैलांवर टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह हे राखीव कुरण. १९९६ मध्ये स्थापन झालेलं, सुमारे १०,९०० एकर. बहुतेक जमीन नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या मालकीची, कारभार राष्ट्रीय उद्यान खात्यासोबत. प्रवेश फुकट. पायवाटा दिवसरात्र उघड्या, केंद्राच्या वेळा मात्र ठरलेल्या. सकाळी आठला पोचा, थंडावा असतो.

आधी कपड्यांचं. कितीही उकडलं तरी पूर्ण लांबीची पँट, मोजे पँटवर ओढलेले, घोट्यांना कीटकरोधक फवारा. गवतात गोचीड असते आणि 'चिगर' नावाचा डोळ्याला न दिसणारा किडा. हा चावला की दुसऱ्या दिवशी कमरेपाशी आणि मोज्याच्या रेघेवर लाल पुरळ उठतं. परतल्यावर लगेच साबणाने आंघोळ, कपडे थेट मशिनमध्ये. माणशी निदान दोन लिटर पाणी घ्या, वाटेत मिळत नाही.

केंद्राशेजारी स्टीफन जोन्स या जनावरांच्या मालकाने १८८१ साली बांधलेलं दगडी घर आहे आणि तीन मजली गोठा. आई घराच्या पडद्यांत रमली, बाबा गोठ्यातून बाहेर येईनात. उतार असा वापरलाय की गाडी वरच्या मजल्यावर थेट आत जाते. तिथून साउथविंड ही पावणेदोन मैलांची सोपी वाट घ्या. थोडं पुढे १८८२ ची एकखोली शाळा टेकडीवर एकटी उभी आहे, तीही बघा.

याच वाटेवर बाबा खाली वाकले. एक काडी हातात घेऊन तुरा निरखला. शेंड्याला तीन फाटे, टर्कीच्या पंजासारखे. हे बिग ब्लूस्टेम, इथल्या गवतांचा राजा. "आगं, ही तर शाळूची चुलती!" बाबा म्हणाले. घरी येऊन मी शोधलं तर बरोबर निघालं: ऊस, ज्वारी, मका आणि हे गवत एकाच कुळातले. शेजारच्या 'इंडियन ग्रास'च्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी ज्वारीची नक्कल. तुमच्यासोबत शेती केलेलं माणूस असेल तर त्याला पुढे चालू द्या.

बायसन बघायचे असतील तर सीनिक ओव्हरलूकची वाट त्यांच्या कुरणातून जाते. एका बाजूने तीनेक मैल, हलका चढ. २००९ मध्ये साउथ डकोटाहून तेरा जनावरं आणली, आता कळप शंभराच्या आसपास आहे. दाजीपूरला आपण जे 'बायसन' म्हणतो ते गवे, हे त्यांचे दूरचे नातेवाईक: खांद्यावर केसाळ वशिंड, मागचा भाग मात्र आटोपशीर. शंभर यार्डांच्या आत जाऊ नका. शांत दिसणारं जनावर ताशी तीस मैलांच्या पुढे धावतं. शेपटी वर झाली की मागे फिरा. वाटेवरच कळप बसला असेल तर तुम्ही वाट बदलायची. सेल्फीसाठी तर अजिबातच नाही.

दुपारनंतर कौन्सिल ग्रोव्ह

उत्तरेला वीसेक मैलांवर कौन्सिल ग्रोव्ह. सांता फे या व्यापारी वाटेवरचा मोठा थांबा. १८२५ मध्ये ओसेज आदिवासींशी इथे ओक झाडाखाली करार झाला, त्यांच्या जमिनीतून वाट गेली. ते झाड १९५८ च्या वादळात पडलं, बुंधा छपराखाली जपलाय.

कॉ मिशनचं दगडी घर चुकवू नका. कॉ म्हणजेच कान्सा, 'दक्षिण वाऱ्याचे लोक', ज्यांच्यावरून राज्याला कॅन्सस नाव मिळालं. याच भागातल्या राखीव जमिनीवरून त्यांना १८७३ साली ओक्लाहोमाकडे हलवलं. कोर्टाच्या दगडावर आदल्या दिवशी तेच साल पाहिलेलं असतं. कॉ राष्ट्राने २००० साली गावाजवळची थोडी जमीन पैसे मोजून परत घेतली, तिथे आता स्मृतिउद्यान आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचे उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस लहानपणी याच राखीव जमिनीवर आजीपाशी राहिले होते.

कुंपण, कच्चा रस्ता आणि एक बोट

इथली जवळजवळ सगळी जमीन खाजगी आहे. कुंपण ओलांडू नका, खांबाला जांभळा रंग दिसला तर लेखी परवानगीशिवाय शिकार करायची नाही अशी ती खूण. बझारजवळ १९३१ साली अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक नूट रॉकनी यांचं विमान पडलं, त्याचं स्मारकही खाजगी कुरणात आहे; तेवढ्यासाठी टर्नपाइकवरच्या मॅटफील्ड ग्रीन थांब्यावरची माहिती पुरे. फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवा, बंद असेल तर बंद.

खडीचे रस्ते कोरड्या दिवशी ठीक, पावसानंतर नाही. तिसऱ्या फेरीत मी नकाशाचं ऐकून जवळच्या वाटेने गेले आणि छोटी गाडी निम्मी चाकं रुतून बसली. रेंज नाही. वीस मिनिटांनी एक पिकअप आला, माणसाने काही न बोलता साखळी काढली, गाडी ओढली, पैसे घेतले नाहीत. "पक्क्या रस्त्याने जा" एवढंच म्हणाला. तेच मी तुम्हाला सांगते. तसंच अंधार पडायच्या आत आय-३५ गाठा, संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात.

समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. तो रामराम आहे, तुम्हीही उचला. बाबांना हे फार आवडलं. चालवत नसतानाही ते डॅशबोर्डवर हात ठेवून प्रत्येक पिकअपला बोट दाखवत राहिले, आणि आय-३५ला लागल्यावर सत्तर मैलांच्या वेगाने जाणाऱ्या ट्रकांनाही. कुणी उत्तर दिलं नाही. "शहर आलं वाटतं," म्हणाले.